विजयकुंडाची टकटक

एका जंगलात एक खड्डा होता.

सिंह कुठे आहे, असं लगेच विचारू नका. सिंह येईल. सिंहाला कुठल्याही गोष्टीत शिरायला कोणी अडवत नाही. पण या गोष्टीत खड्डा आधी सांगावा लागतो, कारण तो सिंहाच्या आजोबांनी पाडला होता आणि पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

तर मुलांनो, हा खड्डा उंदीर-घुशी पाडतात तसला नव्हता. जंगलातले सगळे प्राणी त्याच्या काठाने बसवले असते तरी जागा उरली असती. तो पडला कसा, ते ऐका. डोंगरापलीकडच्या जंगलात एक वाघ राहायचा. तो रोज संध्याकाळी डरकाळी फोडायचा, जशी सगळेच वाघ फोडतात. इकडे आपल्या सिंहाच्या आजोबांना, म्हणजे महाराज प्रचंडकेसरींना, वाटायचं की ही डरकाळी खास आपल्यासाठीच आहे. त्यांची झोप उडाली. मग त्यांनी जंगलातले सगळे हुशार प्राणी एका गुहेत कोंडले आणि सांगितलं, अशी डरकाळी बनवा की वाघाची दातखीळ बसली पाहिजे.

हुशार प्राण्यांचं एक असतं. काय करायचं ते दुसऱ्याने ठरवून दिलं की कसं करायचं यात ते इतके रंगून जातात, की कशाला करायचं हे विचारायचं राहूनच जातं. त्यांनी एक गोळा बनवला. तो माळावर नेऊन फोडला. भर दुपारी आभाळात दुसरा सूर्य उगवला. माळावरची वाळू वितळली आणि निवल्यावर तिची हिरवी काच झाली. दगडांचा धूर झाला. धूर वर गेला आणि मग सावकाश, कोणाला न सांगता, सगळ्या जंगलावर खाली उतरला. गवतावर बसला, पाण्यावर बसला. तो कोणाला दिसला नाही, म्हणून कोणी झटकलाही नाही.

वाघ खरंच दचकला. दचकून त्यानेही आपल्या जंगलात तसाच एक खड्डा पाडला. मग महाराजांनी आणखी एक गोळा फोडला, पुन्हा त्याच माळावर. उगाच दुसरा माळ कशाला वाया घालवायचा? असं बरीच वर्षं चाललं. ना सिंहाने वाघाच्या जंगलात गोळा टाकला, ना वाघाने सिंहाच्या. दोघेही आपापलंच जंगल भाजत होते आणि त्याला शांतता राखणं म्हणत होते. तुम्ही हसताय, पण तेव्हा कोणी हसलं नाही.

पुढे पावसाने खड्डा भरला. त्याचं नाव विजयकुंड ठेवलं. विजय नेमका कोणावर, हे विचारायची पद्धत नव्हती. हिरव्या काचेचा एक मोठा तुकडा तासून त्याचं सिंहासन केलं आणि ते टेकडीवर बसवलं. उन्हात ते असं काही चमकायचं की बघणाऱ्याचे डोळे दिपायचे. फक्त त्यावर बसणाऱ्याची आयाळ झडायला लागली. प्रचंडकेसरींची झडली, त्यांच्या मुलाची झडली, आणि नातू गादीवर आल्यावर त्याच्या मानेवर चार झिपऱ्या उरल्या. दरबारातल्या भाटांनी लगेच ठरवून टाकलं की विरळ आयाळ हे खोल विचारांचं लक्षण आहे. तेव्हापासून जंगलातले तरुण सिंह दगडावर मान घासून आयाळ कमी करून घेऊ लागले.

हा नातू म्हणजेच आपल्या गोष्टीतला सिंह. आला एकदाचा. आता चुळबूळ थांबवा.

त्या जंगलात एक रिवाज होता. काहीही मोजायचं तर ते सिंहासनापासून. नदी किती लांब, तर सिंहासनापासून. वारूळ किती उंच, तर सिंहासनापासून. सिंहासन म्हणजे शून्य, आणि बाकी सगळं त्याच्या पुढे, मागे, वर किंवा खाली. सिंहासन टेकडीवर असल्यामुळे खालच्या रानात उभ्या असलेल्या हत्तीची उंचीसुद्धा उणे भरायची. हत्तीने कधी तक्रार केली नाही. त्याच्या पाठीला काही त्यामुळे वाक येत नव्हता.

एका उन्हाळ्यात प्रधानांनी हुकूम काढला. प्रधान म्हणजे उदाजी नावाचं उदमांजर. अंगाला सुगंध, बोलण्यात साखर, आणि महाराजांनी काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर 'होय' असंच यायचं. हुकूम असा होता की जांभूळझऱ्याचं पाणी यापुढे दरबारासाठी राखून ठेवलं आहे. खुरं असलेल्या सगळ्या प्राण्यांनी आता विजयकुंडावर पाणी प्यावं. कुंड मोठं आहे, सगळ्यांना पुरेल, आणि शिवाय त्यात इतिहास आहे.

झऱ्याकाठी सांबरांचा एक कळप पिढ्यानपिढ्या राहत होता. सांबरांत कळप चालवते ती मादी. या कळपाची म्होरकी होती जाईबाई. तिचं पाडस नुकतंच पायांवर उभं राहायला शिकलं होतं. अजून ते दूधच प्यायचं, पण आता पाण्यालाही तोंड लावू लागलं होतं. जाईबाईने कुंडाकाठी चरणारी चितळं पाहिली होती. त्यांची पाडसं उभी राहायला फार वेळ घ्यायची. काही राहायचीच नाहीत. म्हणून तिला झरा सोडायचा नव्हता. कळपातल्या सगळ्यांना झऱ्याची सवय होती, सावली आवडायची, हे सगळं खरं. पण जाईबाईच्या डोळ्यांपुढे फक्त त्या पाडसाचे पाय होते.

ती दरबारात गेली आणि तिने एकच गोष्ट विचारली.

"कुंडाचं पाणी प्यायजोगतं हाय का?"

उदाजी म्हणाला की ते विजयाचं पाणी आहे. जाईबाई म्हणाली, ते कळलं, पण ती पाण्याबद्दल विचारतेय. उदाजीने मग प्रचंडकेसरींच्या पराक्रमाचं थोडं वर्णन केलं. ते संपल्यावर जाईबाईने तोच प्रश्न पुन्हा विचारला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा महाराज कंटाळले. त्यांना जेवायला जायचं होतं. ते म्हणाले, "मोजून टाका ना एकदा. मोजलं की विषय संपतो."

मुलांनो, मोजलं की विषय संपतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यात कधी काही मोजलेलं नसतं. पण ते असो.

मोजायला साळूबाईला बोलावलं. साळूबाई म्हणजे साळिंदर, पण साधंसुधं नव्हे. सातासमुद्रापलीकडच्या जंगलात जाऊन शिकून आलेली. बाई विद्वान होती आणि खोटं बोलत नसे. फक्त खरं बोलताना तिचा आवाज इतका बारीक व्हायचा की ते समोरच्याला ऐकू गेलंच पाहिजे असं काही नव्हतं.

तिच्याबरोबर ठोकेराव नावाचा सुतारपक्षी असायचा. तोच तिचं यंत्र. साळूबाईने महाराजांना समजावून सांगितलं की गोळा फुटला तेव्हा त्यातून बारीक कण उडाले. ते साध्या धुळीसारखे नसतात. प्रत्येक कण आतल्या आत थांबलेला असतो, आणि कधीतरी अचानक एक ठिणगी टाकतो. ती ठिणगी दिसत नाही, भाजत नाही, तिला वास नाही. पण ठोकेरावाच्या तुऱ्याला ती जाणवते. जाणवली की त्याच्याने राहवत नाही, तो समोरच्या वाळक्या भोपळ्यावर एक टोच मारतो. एक ठिणगी, एक टकटक. आपण फक्त मोजायचं.

ठोकेरावाला स्वतःला हे काम फारसं आवडत नसे. त्याची तक्रार होती की त्याचा जन्म झाल्यापासून त्याला एक दिवसही स्वस्थ बसता आलेलं नाही. झाडावर बसलं तरी तुरा टोचतो, ढगाखाली बसलं तरी टोचतो. त्याची आईही अशीच टकटकत असायची, त्यामुळे आयुष्य म्हणजे हेच असतं अशी त्याची समजूत झाली होती.

"मात्र आधी शून्य ठरवायला हवं," साळूबाई म्हणाली. तिला अशी एखादी वस्तू पाहिजे होती, जी पहिला गोळा फुटण्याच्या आधीची आहे आणि जिच्यात यातला एकही कण नाही. तिच्यावर ठोकेराव किती टकटकतो ते बघायचं, आणि मग बाकी सगळं त्याच्या हिशेबाने धरायचं.

उदाजी हसला. "पंडिता, एवढं शिकलात आणि शून्य शोधताय? शून्य आहे की. महाराज त्यावरच बसले आहेत."

साळूबाईचे सगळे काटे उभे राहिले. ती काहीतरी म्हणाली. सिंहासन हे सर्वांत वाईट ठिकाण आहे, ते थेट खड्ड्यातूनच आलंय, असं काहीतरी. पण मी सांगितलं ना, आवाज बारीक होता. महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. महाराजांचे दात मोठे होते. साळूबाई म्हणाली की रिवाज आहे तर रिवाज.

ठोकेरावाला सिंहासनाच्या हातावर बसवलं. त्याने एक टोच मारली, दुसरी मारली, आणि मग वेगवेगळ्या टोचा ऐकूच येईनात. नुसती घरघर. भोपळ्याला भोक पडलं. चोच इतकी तापली की त्याला उचलून पाण्यात बुडवावं लागलं. ही जी घरघर झाली, ती शून्य म्हणून ठरली.

नंतर सगळी वरात विजयकुंडावर गेली. तिथे ठोकेराव नवीन भोपळ्यावर सपाट्याने टकटकला, पण निदान टोचा वेगळ्या ऐकू येत होत्या. साळूबाईने सिंहासनाची घरघर त्यातून वजा केली. उत्तर आलं उणे. मग जांभूळझऱ्यावर गेले. तिथे तो मधूनमधून टकटकला. उत्तर आणखी उणे.

उदाजीने दवंडी पिटवली की विजयकुंडात घातक असं काही नाही, उलट काही नसण्यापेक्षाही कमी आहे. शास्त्राने हे सिद्ध केलं आहे. चितळांना आनंद झाला. हत्तीने मान डोलावली, त्याला उणे असण्याची सवय होतीच.

जाईबाईला वजाबाकी येत नव्हती. पण कान होते, आणि सांबराचे कान म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. कुंडावर पक्षी थांबत नव्हता आणि झऱ्यावर थांबत होता, एवढं तिने ऐकलं होतं. तिने साळूबाईला वाटेत गाठलं.

"बाई, काहीच नसण्यापरीस कमी कसं असतंय?"

साळूबाईने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग बारीक आवाजात सांगितलं की तसं नसतं. शून्य चुकीच्या जागी धरलं की असं होतं. आता बरोबर शून्य धरायचं तर गोळ्याआधीची वस्तू हवी, आणि अशी वस्तू जंगलात उरलेली नाही. माती सगळी नंतर भिजली, झाडं सगळी नंतर वाढली.

जाईबाईने आधी साळूबाईच्या दातांकडे पाहिलं. कारण अशी वस्तू होती, आणि ती साळिंदराला दाखवणं म्हणजे मोठी जोखीम होती.

त्याचं कारण ऐका. सांबराच्या नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. जंगलात इतर ठिकाणी ती पडून राहतात. पण जाईबाईच्या कळपात चाल होती की कळपातल्या सर्वांत मोठ्या नराची शिंगं गळली की ती डोंगरातल्या कोरड्या कपारीत नेऊन ठेवायची, आधीच्या शिंगांच्या शेजारी, ओळीने. कशासाठी, ते कोणालाच माहीत नव्हतं. पूर्वीपासून ठेवत आले म्हणून ठेवायची. कपारीत मागे मागे जावं तशी शिंगं जुनी होत जायची. आणि ही कपार साळिंदरांपासून लपवून ठेवलेली होती, कारण गळलेली शिंगं कुरतडणं हा साळिंदरांचा जिवापाड आवडता खाऊ. हे मी मनाचं सांगत नाही, रानात हिंडणाऱ्या कोणालाही विचारा.

शेवटी जाईबाईने अट घातली की साळूबाईने तोंडात एक जाड लाकूड धरून आत यायचं आणि बाहेर पडेपर्यंत ते सोडायचं नाही. पंडितेला हा अपमान वाटला. पण कपारीच्या तोंडाशी आल्यावर आतला वास आला, आणि तिने मुकाट्याने लाकूड दातात धरलं. लाळ मात्र थांबेना.

सर्वांत मागे, अंधारात, एक करडं शिंग पडलं होतं. ते कोणाचं, हे जाईबाईच्या आजीलाही माहीत नव्हतं. पण आजी सांगायची की ते दुसरा सूर्य उगवण्याच्या आधीचं आहे. ठोकेराव त्यावर बसला. भोपळा पुढे ठेवला.

ठोकेराव गप्प.

सगळे वाट पाहत राहिले. एक टोच पडली, ती कुठून तरी आभाळातून आलेली असावी, तसं थोडं चालतंच. मग पुन्हा काही नाही. ठोकेरावाने मान वाकडी करून स्वतःच्या तुऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला. त्याला वाटलं आपण मेलो. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असा काही आराम पसरला, की जाईबाईला त्याची दया आली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला टोचत नव्हतं. "मी इथंच राहतो," तो म्हणाला, आणि डोळे मिटून बसला. त्याला त्या शिंगावरून अक्षरशः ओढून काढावं लागलं.

पुढच्या शिंगांवर त्याला एकेक करून बसवलं. एक शिंग गप्प. दुसरं गप्प. मग एका शिंगावर तो दचकला आणि टकटकला. त्याच्या पुढच्यावर जास्त. त्याच्या पुढच्यावर आणखी जास्त. प्रचंडकेसरींनी कोणत्या वर्षी किती गोळे फोडले हे त्या शिंगांना बरोबर लक्षात होतं. गोळे थांबल्यावर टकटकही हळूहळू कमी झाली होती, पण थांबली नव्हती. साळूबाईने आनंदाने उडी मारली असती, पण तेवढ्यात तिला आठवलं की लहानपणी आपण ज्या वर्षांची शिंगं पोटभर खाल्ली, ती हीच वर्षं. ती लाकूड चावत तशीच उभी राहिली.

आणि मग जाईबाईने जे केलं, ते तिने करायला नको होतं. पण कोणती आई राहिली असती? तिने ठोकेरावाला उचलून मागे मागे आलेल्या आपल्या पाडसाच्या पाठीवर बसवलं.

टक.

मग बऱ्याच वेळाने पुन्हा, टक.

पाडसाला गुदगुल्या झाल्या. ते उड्या मारायला लागलं. जाईबाईने मात्र दोन्ही वेळा ऐकलं होतं. या पोराने अजून कुंड पाहिलंही नव्हतं. तिने साळूबाईच्या तोंडातलं लाकूड स्वतः काढून घेतलं आणि विचारलं, हे कुठून आलं. साळूबाईने सांगितलं की गवतातून तुझ्यात आलं, तुझ्या दुधातून याच्यात. हाडांना वाटतं की हा चुनाच आहे, म्हणून ती याला ठेवून घेतात. याच्या अंगातलं थोडं आहे, एवढ्याने काही होईलच असं नाही. कुंडाचं पाणी प्यायला लागलं तर मात्र ते थोडं राहणार नाही.

"आन हे जाणार कधी?"

साळूबाई म्हणाली की हाडातला कण तुझ्या आयुष्यभरात निम्मा होईल. पण कुंडाच्या गाळात एक दुसरा कण आहे, तो निम्मा व्हायलाच चोवीस हजार वर्षं लागतात.

"मग संपंल?"

"मग उरलेल्याचं निम्मं व्हायला आणखी तेवढीच."

जाईबाईने ते करडं शिंग तोंडात उचललं आणि थेट दरबाराची वाट धरली. मागून पाडस, त्याच्या मागून साळूबाई, आणि तिच्या काट्यांवर जमेल तसा बसलेला ठोकेराव.

भर दरबारात पुन्हा मोजणी झाली. शिंगावर ठोकेराव गप्प बसला. पाडसाच्या पाठीवर एकदोनदा, झऱ्याच्या पाण्यावर थोडा टकटकला. कुंडाच्या पाण्यावर पुष्कळ. सिंहासनावर बसायला त्याने साफ नकार दिला, तेव्हा त्याला नुसतं जवळ धरलं, तरी घरघर झाली. यावेळी वजाबाकी लागलीच नाही. चितळांनी ऐकलं, माकडांनी ऐकलं, हत्तीने ऐकलं. दरबारात अशी शांतता पसरली की महाराजांच्या मानेवरून गळणारा एक केससुद्धा ऐकू आला असता.

"महाराज," साळूबाई म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे ते सगळ्यांना ऐकू गेलं, "शून्य इथे आहे, या शिंगात. सिंहासनात नाही."

महाराजांचा चेहरा पडला. शून्य काढून घेतलं तर राजाकडे राहतं काय? त्यांनी उदाजीकडे पाहिलं.

उदाजी उगाच प्रधान झाला नव्हता. त्याने क्षणभर मिशा साफ केल्या आणि म्हणाला की साळूबाईंचं बरोबर आहे. शून्य शिंगातच आहे. कारण त्या शिंगात काहीही नाही. ते बिचारं महाराजांच्या आजोबांच्या आधीचं. त्यात पराक्रम नाही, विजय नाही. आणि ही टकटक म्हणजे काय? ते प्रचंडकेसरी महाराजांचं यश आहे. ज्यात यश जास्त, ते जास्त टकटकतं. झऱ्यात थोडं यश, कुंडात पुष्कळ, आणि सिंहासनात तर असं की पक्ष्याची चोचसुद्धा ते सोसू शकली नाही. आजवर आपण यश उणे धरत होतो, ही केवढी चूक. या पाडसात, काल जन्मलेल्या पाडसातसुद्धा, महाराजांच्या आजोबांचं यश आहे.

दरबाराने टाळ्या वाजवल्या. चितळांनीही वाजवल्या, कारण शेजारी वाजवत होते.

महाराजांनी साळूबाईला विचारलं की हे यश टिकतं किती. साळूबाईने खरं ते सांगितलं, चोवीस हजार वर्षांनी निम्मं. महाराजांचे डोळे भरून आले. वडिलांनी लावलेली आमराई वाळून गेली होती. आजोबांनी बांधलेला बांध पहिल्याच पुरात वाहून गेला होता. घराण्याने जंगलाला आजवर जी जी वचनं दिली, त्यातलं एकही टिकलं नव्हतं. आणि आता कळत होतं की एक गोष्ट तरी टिकणार होती. हे अश्रू अगदी खरे होते, म्हणून तुम्ही हसू नका.

जाईबाई मात्र रडत नव्हती. तिला रागाने काही सुचत नव्हतं. एवढं सगळं ऐकवून, दाखवून, शेवटी हे. उद्यापासून कळपाला कुंडावर जावं लागणार. ती वळून निघणार, तेवढ्यात उदाजीचे शब्द पुन्हा तिच्या कानात घुमले, आणि ती थांबली. मग तिने खाली मान घातली आणि दोन पावलं पुढे आली.

"महाराज, झऱ्यात यश कमी आन कुंडात जास्ती, आसंच ना?"

उदाजीने मोठ्या अभिमानाने सांगितलं की कितीतरी पटीने जास्ती.

"मग तेवढं यश आमच्यासारख्या खुरवाल्यांनी प्यावं, हे काय बरं दिसंना. आमी चिखलात लोळणारी. आमच्या पोटात आजोबासाहेब जायचे, आन सकाळी..." तिने पुढचं लाजून सांगितलं नाही. "आमाला आपला झराच बरा. जिथं यश न्हाई, तिथं आमी शोभतो."

महाराज सावकाश उदाजीकडे वळले. त्यांचे अश्रू सुकले होते.

"प्रधानजी, आजोबांचं यश तुम्ही सांबरांना पाजणार होता? आणि आम्हाला झरा?"

उदाजीच्या अंगाचा सुगंध पहिल्यांदाच जरा बिघडला. "महाराज, पण..." तो म्हणाला.

"पण काय?"

मुलांनो, इथे जरा थांबू या. उदाजीला एवढंच म्हणायचं होतं की महाराज, ते विष आहे. एवढं एक वाक्य. त्याला ते माहीत होतं, नाहीतर झरा त्याने दरबारासाठी राखला असता का? पण ते वाक्य बोलायचं तर आधीचं सगळं खोटं ठरत होतं. त्याचे ओठ हलले. त्याने दरबाराकडे पाहिलं, महाराजांच्या दातांकडे पाहिलं, आणि मग आयुष्यभराची सवय कामाला आली.

"होय, महाराज," तो म्हणाला.

त्याच दिवशी हुकूम निघाला. विजयकुंड यापुढे फक्त दरबारासाठी. खुरवाल्यांनी तिथे फिरकल्यास शिक्षा. चितळांनासुद्धा तिथून हाकललं, आणि ती रडत रडत झऱ्यावर आली. दर सकाळी सगळ्या मंत्र्यांनी कुंडावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावं, प्रधानांनी दोन ओंजळी. साळूबाईला कुंडाकाठी हिरव्या काचेचं घर बक्षीस मिळालं. तिने हात जोडून सांगितलं की एवढी तिची योग्यता नाही. ती पंडिता होती, पण शिकायची तयारी होती.

कळप झऱ्यावर राहिला. सांबरांनी त्या संध्याकाळी खूप उड्या मारल्या. जाईबाईने नाही मारल्या. ती पाडसाला चाटत बसली, पाठीवर, पोटावर, पायांवर, पुन्हापुन्हा, जणू चाटून ते निघणार होतं. तिने राजाला फसवलं होतं, प्रधानाला फसवलं होतं. पोराच्या हाडांतल्या त्या कणाला काही सांगून फसवता येत नव्हतं. पाडसाला काय, ते कंटाळलं आणि पाणी प्यायला पळालं.

तिकडे कुंडाच्या काठावर उदाजी उकिडवा बसला होता. मागे महाराज स्वतः उभे होते, प्रधानांना हा मान मिळताना त्यांना पाहायचं होतं. उदाजीने पहिली ओंजळ भरली आणि गोड आहे म्हणून सांगितलं.

तात्पर्य : विषाला विष म्हणून सिद्ध करत बसू नये. त्यात जन्म जातो, आणि शेवटी वजाबाकी दुसराच कोणी करतो. विषाला मान म्हणावं. मग मानाचे भुकेले स्वतःहून रांग लावतात. वारा आणि गवत यांना मात्र मानापानातलं काही कळत नाही, म्हणून प्रत्येकाच्या पोराला त्याच्या वाट्याचं यश घरपोच मिळत राहतं.